उजवीकडचा खालचा कोपरा

ऑफिसात त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. हे त्याला माहीत होतं, आणि नुसतं माहीत नव्हतं, मनातून आवडतही होतं. चौतीस वर्षं तो पाणीपुरवठा खात्याच्या ड्रॉइंग ब्रँचमध्ये ड्राफ्ट्समन होता. जमिनीखालून कुठला पाइप कुठे गेलाय त्याचे नकाशे काढायचे, हे काम. साइटवरून इंजिनियर लोक चिखलाचे डाग पडलेले, पेन्सिलीने खरडलेले कागद आणून टेबलावर टाकायचे. ते रफ. फूटपट्टी ते ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचा. ते फेअर. डाग गाळायचे, लटपटलेल्या रेघा सरळ करायच्या, स्वतःची चूक झालीच तर ब्लेडने अलगद खरवडायची, आणि सगळं झालं की उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत आपली आद्याक्षरं घालायची. मग शेवटचं काम. रफ कागदाचे आठ तुकडे करून टोपलीत टाकायचे.

फेअर झालं की रफ फाडायचं, हा ब्रँचचा नियम होता. एकदा कुणीतरी फाडायचा कंटाळा केला, खोदकामवाल्यांनी नेमका तोच कागद उचलला आणि भलत्याच जागी कुदळ घातली. अर्धं शहर दोन दिवस कोरडं राहिलं. तेव्हापासून फूटपट्टीने कसलंही रफ शिल्लक ठेवलं नाही. वाणसामानाची यादीसुद्धा तो आधी रफ करायचा, मग फेअर करायचा आणि रफ फाडून मगच पायात चपला घालायचा. बायको म्हणायची, "अहो, बरं झालं आपल्याला एकच मुलगी झाली. दोन असत्या तर एक रफ समजून फाडली असतीत तुम्ही."

बायकोचं सगळंच उलटं. ती एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होती, वायरी हाताने जोडायच्या त्या काळापासून. दिवसभर बोलून घरी यायची आणि पुन्हा बोलायची. कुकर लावताना बोलायची, केस विंचरताना बोलायची, झोपेत बोलायची. फूटपट्टी पेपरातून मान वर न काढता "हं" म्हणायचा. तिची एक लकब मात्र त्याला पाठ होती. बोर्डावर कुणी फारच डोकं खाल्लं, तर ती सगळं ऐकून घ्यायची, शेवटी शांतपणे "बरं" म्हणायची आणि वायर काढायची. त्या "बरं"नंतर समोरच्याने कितीही घसा फोडला तरी ऐकायला कुणी नसायचं. चाळीस वर्षांच्या संसारात तीन-चार वेळा ते "बरं" फूटपट्टीच्याही वाट्याला आलं होतं. आवाज चढलेला नाही, शिवी नाही, नुसता एक सभ्य, सपाट शब्द, आणि मग आठ-आठ दिवस घरात शुकशुकाट.

मग एका सकाळी दात घासता घासता तिच्या हातातून ब्रश गळून पडला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढू लागला आणि बोलणं गेलं. सगळेच्या सगळे शब्द गेले. "अहो"सुद्धा गेलं. एकच शब्द कसा कोण जाणे मागे राहिला, आणि तो नेमका "बरं".

डॉक्टर म्हणाले, होतं असं, एखादा शब्द अडकून राहतो. तहान लागली की "बरं". खांदा दुखला की "बरं". संतापली की "बरं बरं बरं", आणि डोळ्यांतून पाणी. ज्या बडबडीला तो आयुष्यभर नुसतं हं-हं करत आला होता ती थांबली, तर घर त्याला खायला उठलं. तो तिच्यापुढे एकेक वस्तू धरायचा. पाणी? चादर? चष्मा? गोळी? तिला हवी ती वस्तू त्यात नसायची. शेवटी ती मान फिरवायची आणि तो त्या वस्तू पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवायचा. जिचा आवाज हजारो माणसांनी ओळखला होता, तिला आता घोटभर पाणी मागता येईना. हे रोज बघायचं, रोज, आणि त्यावर काहीही इलाज नाही. त्याचा जीव तिळतिळ तुटत होता.

अशात हॉस्पिटलने चित्रवाल्या बाईंना पाठवलं. चाळिशीच्या, नखांत रंग अडकलेला, खांद्याला भली मोठी पिशवी. त्या पिशवीतून ब्रश निघतील अशी फूटपट्टीची अपेक्षा होती. निघाले जुने टूथब्रश, फणी, स्पंज, दोऱ्याचं रीळ, खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे आणि टोकाला चिंधी बांधलेली काठी.

"काकू, चित्र काढायचं नाही हं," बाई म्हणाल्या. "चित्र आलं तर मला चालणार नाही. नुसत्या खुणा करायच्या. ठिपके, फराटे, ओरखडे, काय वाटेल ते. हात खेळू द्यायचा. डावा आहे ना? उत्तम. डाव्याला कुणी शिस्त लावलेली नसते."

"म्हणजे रेघोट्याच की," फूटपट्टी म्हणाला.

"रेघोट्याच. या, तुम्हीही मारा."

त्याने पुठ्ठ्याचा तुकडा रंगात बुडवला आणि कागदावर एक रेघ ओढली. पट्टीशिवाय. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत इतकी सरळ आली, की बाईंना हसू आवरेना. "काका, हात सैल सोडा ना!" त्याने सैल सोडला. दुसरी रेघ पहिलीला समांतर आली.

आणि तेव्हा बायको हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. तिने फणी हिरव्या रंगात बुचकळली आणि त्याच्या दोन्ही रेघांवरून आडवीतिडवी फिरवली, खसाखसा. रंग टेबलावर उडाला, त्याच्या शर्टावर उडाला. "बरं!" ती म्हणाली, आणि हे "बरं" त्याने आजवर ऐकलेलंच नव्हतं.

बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. बायको मात्र रोज बसायची. कागद टेबलाला टाचण्यांनी टोचून द्यायचं काम त्याचं. तो चारही कोपरे काटकोनात लावायचा आणि ती त्यावर धुडगूस घालायची. स्पंजचे ठिपके नाचवायची. रंगात भिजवलेला दोरा कागदावर ठेवून झटकन ओढायची. काठीने काळा रंग इतका घासायची की कागद फाटायचा. कागद टोचून झाला की तो चिंधी आणायला आत जायचा आणि मग शेजारी बसून ओघळ पुसायला टपलेला असायचा, आणि बाई नजरेने त्याला दटावायच्या.

महिन्याभराने एके दुपारी बायकोने आधीच्या कागदांचा गठ्ठा मागितला. म्हणजे त्याकडे बोट केलं आणि "बरं" म्हणाली. त्यातून एक कागद उपसला, हिरव्या फणीच्या फराट्यांवर बोट टेकवलं आणि खिडकीकडे बघितलं. फूटपट्टीने उठून खिडकी उघडली. तिने डोळे मिटून वारा घेतला. मग दुसरा कागद काढला, दोऱ्याच्या वेटोळ्यावर बोट ठेवलं. त्याला कळेना. तिने पुन्हा ठेवलं, पुन्हा, आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. टेलिफोनची वायर! त्याने लेकीला फोन लावून तिच्या कानाशी धरला. लेक पलीकडून रडत होती आणि बायको म्हणत होती, "बरं, बरं, बरं."

त्या दिवशी त्यालाही रडू आलं. तो न्हाणीघरात नळ सोडून रडला.

त्यानंतर तो गठ्ठा म्हणजे तिची जीभ झाली. काळं घासलेलं म्हणजे खांदा. स्पंजचे नाचरे ठिपके म्हणजे लेक. ती कागद नुसते बघायची नाही, बोटाने चाचपायची. रंगाचा थर कुठे जाड आहे, कुठे खरबरीत आहे, यावरून डोळे मिटूनही हवी ती खूण शोधायची. पाच-सहा खुणा फूटपट्टीला कळल्या. बाईंना पंधरा-एक कळल्या होत्या. बाकीच्या अजून तिच्या तिलाच ठाऊक होत्या, पण बाई म्हणायच्या, घाई नको, येईल सगळं.

कागद त्रेपन्न झाले, बाईंनी आणलेले कोरे कागद संपले, तेव्हाच बाईंना तीन आठवडे एका प्रशिक्षणासाठी बाहेर जायचं निघालं. जाताना त्या म्हणाल्या, "काका, मी आले की बोलण्याच्या डॉक्टरांना घेऊन येते. त्यांना हे सगळं दाखवायचंय. काकूंसोबत बसून एकेक खूण लावून घेऊ. तोवर हे नीट ठेवा हं."

नीट ठेवा. हे बाई म्हणाल्या, आणि ऐकलं फूटपट्टीने. ब्रँचमध्ये साहेब चौतीस वर्षं हेच म्हणत आले होते. रफ टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, हे जरा नीट करून ठेवा. त्याचा अर्थ एकच होता.

तो गठ्ठ्याजवळ गेला. खरं सांगायचं तर गठ्ठ्याची दशा झाली होती. कागद एकमेकांना चिकटले होते, रंगाचे पोपडे निघत होते, कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. हे डॉक्टरांना दाखवायचं? यातून डॉक्टरांना काय कप्पाळ कळणार? त्याने माळ्यावरून जुनी पेटी काढली. पेनं गरम पाण्यात बुडवून साफ केली. ट्रेसिंग पेपरचा रोल त्याने निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून आणला होता, तो उलगडला. अकरा दिवस, सकाळी बायकोचा व्यायाम करून घ्यायला नर्स आली की तो आतल्या खोलीत दार लोटून बसायचा. गठ्ठ्याच्या तळातले चार-पाच कागद न्यायचे, उतरवायचे, परत आणून ठेवायचे. तिला पत्ता लागू द्यायचा नव्हता. तिला चकित करायचं होतं.

आजारपण सुरू झाल्यापासूनचे ते अकरा दिवस त्याचे सगळ्यात सुखाचे. बायकोला हवं ते देता न येणारा तो म्हातारा त्या खोलीत नव्हता. तिथे ब्रँचमधला पहिल्या नंबरचा ड्राफ्ट्समन बसला होता. फणीचे फराटे त्याने समान अंतरावर घेतले. ठिपके एका मापाचे केले. ओघळ गाळले. घासून फाटलेल्या काळ्याच्या जागी नेटके तिरके पट्टे भरले. खुणेखाली सुबक अक्षरात लिहिलं, खिडकी, खांदा, टेलिफोन, आणि कळलं नव्हतं तिथे प्रश्नचिन्ह. सगळ्या कागदांवर उजवीकडे खाली एक मातकट फराटा होता, हाताची कड घासल्यासारखा. कागद हलवताना तिचा हात लागत असणार, तो डाग त्याने झाडून सगळीकडचा गाळला. आणि त्या स्वच्छ झालेल्या कोपऱ्यात चौकट आखून, चौतीस वर्षांच्या सवयीने, आपली आद्याक्षरं घातली.

बाराव्या दिवशी नर्स तिला अंघोळीला घेऊन गेली, तेव्हा त्याने गठ्ठा उचलला. त्रेपन्न कागद, प्रत्येकाचे आठ तुकडे. जाड रंगामुळे फाडायला जड जात होते, पण तो नेटाने फाडत गेला. दोन पिशव्या भरल्या. खाली कचऱ्याची गाडी उभीच होती, तिच्यात त्याने त्या स्वतःच्या हाताने टाकल्या, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत फाटकाशी थांबला. चुकीचा कागद कुणाच्या हाती लागणार नाही, म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला होता.

बायको अंघोळ करून खुर्चीत येऊन बसली. केस ओले, अंगाला साबणाचा वास. त्याने तिच्यापुढे नव्या कागदांची चळत ठेवली.

"अगं, बघ. सगळं नीट करून ठेवलंय."

तिने वरचा कागद पाहिला. "बरं?"

तो खुलला. "आवडलं ना? पुढचे बघ."

तिने दुसरा उलटला, तिसरा उलटला. भराभर उलटत गेली. मग चळत उचलून तिच्याखाली पाहिलं. टेबलाखाली वाकून पाहिलं. जिथे गठ्ठा असायचा त्या कपाटाकडे पाहिलं. "बरं? बरं?" तिने डोळे मिटले आणि ट्रेसिंग पेपरवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. दुसऱ्यावरून फिरवलं. तोही गुळगुळीत. सगळे त्रेपन्न एकसारखे, काचेसारखे. तिचं बोट घसरत होतं आणि कुठेच अडत नव्हतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"अगं, ते रफ होतं," तो म्हणाला. "फेअर झालं की रफ..." ते वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच अर्धं सोडलं.

तो चपला न घालता खाली धावला. नाक्यापर्यंत गेला, पुढच्या नाक्यापर्यंत गेला. गाडी कधीच गेली होती. वर आला तेव्हा ती तशीच बसली होती आणि तिचा डावा हात मांडीवर उपडा पडला होता, उजव्यासारखाच.

बाई परतल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चळत चाळली, खाली ठेवली, आणि बराच वेळ नखातला रंग खरवडत बसल्या. मग हळू आवाजात विचारलं, "काका, यातलं काय काय गाळलंत?"

तो गुन्हा कबूल करायला उभा राहिल्यासारखा सांगू लागला. ओघळ. फाटलेल्या जागा. दोनदोनदा मारलेल्या रेघा. कोपऱ्यातला हाताचा डाग.

"कोपऱ्यातला?"

"उजवीकडे खाली. सगळ्यांवर होता. हात लागत असेल तिचा."

बाईंनी फोन काढला. त्यांच्याजवळ एकाच कागदाचा फोटो होता, गंमत म्हणून काढलेला. त्यांनी तो मोठा करून त्याच्यासमोर धरला. मातकट रंगाचा फराटा, करंगळीकडची कड रंगात बुडवून ओढलेला, आणि शेवटाला अंगठ्याचा एक ठसा.

"हात लागत नव्हता, काका. कागद पुढ्यात आला की काकू पहिल्यांदा ही खूण करायच्या. कोपऱ्यात. मग बाकीचं. मी विचारलं एकदा, हे कोण? तुम्ही तिकडे खिडकीशी पेन्सिलीला टोक करत होता. त्यांनी तुमच्याकडे बोट केलं."

फूटपट्टी खुर्चीवर बसला. तिला ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती त्याला चिडवत आली होती, की एवढा मोठा नकाशा काढता आणि स्वतः कोपऱ्यात लपून बसता. त्याची जागा तिला ठाऊक होती. बोलणं गेलं, हात गेला, तरी तिने प्रत्येक कागदावर आधी त्याला त्याच्या जागेवर बसवलं होतं आणि मग तहान, खांदा, लेक, वारा. त्रेपन्न वेळा. आणि त्याने त्रेपन्न वेळा स्वतःला डाग समजून पुसून टाकलं होतं, वर तिथे सही ठोकली होती.

बाईंनी पुष्कळ प्रयत्न केला. नवे रंग आणले, नवे कागद आणले, स्वतः टेबलावर लोळण घेत रेघोट्या मारून दाखवल्या. बोलण्याचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. बायकोने डावा हात मांडीवरून उचलला नाही. महिन्याभराने बाई यायच्या थांबल्या. हॉस्पिटलला इतरही पेशंट होते.

फूटपट्टी मात्र रोज सकाळी कागद टोचून ठेवायचा. आता तो मुद्दाम तिरका टोचायचा. वाटीत रंग घोळून ठेवायचा, संध्याकाळी वाळलेला रंग धुऊन टाकायचा. एक दिवस तो जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग घेऊन आतल्या खोलीत बसला. करंगळीकडची कड मातकट रंगात बुडवली आणि ओढली. फराटा सरळ आला. पुन्हा ओढली. सरळ. त्याला स्वतःच्या हाताचा संताप आला. दोन दिवस तो वर्तमानपत्रांवर फराटे ओढत होता. तिसऱ्या दिवशी दमून, रडवेला होऊन त्याने हात कसातरी टाकला, आणि तो फराटा वाकडा आला. लडबडलेला, ओघळ सुटलेला.

तो तसाच रंगाने माखलेला हात घेऊन बाहेर आला. तिच्यापुढच्या कोऱ्या कागदावर, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, त्याने तसाच फराटा ओढला आणि शेवटी अंगठा टेकवला.

"अगं, हे बघ. हा मी." त्याने हात मागे घेतला. "बाकीचा कागद तुझा."

तिने पाहिलं. डावा हात मांडीवरून उठला. तिचं बोट ओल्या फराट्यावर टेकलं, त्यावरून हळूच फिरलं, आणि तिने ते साडीला पुसलं.

"बरं," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. सभ्य होता, सपाट होता. हे "बरं" त्याने ओळखलं.

"अगं, ऐक ना," तो म्हणाला, आणि मग बोलतच राहिला. जन्मभर हं-हं करणारा माणूस तासभर बोलला. चुकलं म्हणाला. मला वाटलं तुला सोपं जाईल म्हणाला. डॉक्टरांना, ब्रँचला, स्वतःच्या हाताला, सगळ्यांना त्याने दोष दिला. त्याची आई गेली तेव्हा बायकोने त्याच्यासाठी काय काय केलं होतं तेही सांगितलं, कधी सांगितलं नव्हतं म्हणून. बोलता बोलता त्याचा घसा बसला.

ती खिडकीकडे बघत होती. खिडकी बंद होती. ती उघडायला हवी होती की तशीच राहू द्यायला, हे त्याला कळत नव्हतं. तो खिडकीजवळ जाऊन कडीवर हात ठेवून उभा राहिला, आणि कडीला मातकट रंग लागला.